पालथं सांगितलं, उताणं ऐकलं

दादा आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते, त्या काळात घरातलं टपालखातं माझ्याकडे होतं. मी नववीत होते. अंबरनाथला पूर्वेकडे आमचं दोन खोल्यांचं घर. त्यात चार माणसं, आणि त्यातली दोन एकमेकांना दिसतच नसल्यासारखी वावरायची. बाहेरच्या खोलीत बाबा पलंगावर, दादा खिडकीपाशी चटईवर. मधे फार तर दीड हात अंतर. तरी स्वयंपाकघरात असलेल्या मला हाक मारून बाबा बाहेर बोलवायचे आणि म्हणायचे, "त्याला सांग, पंखा कमी कर." दादाने ते ऐकलेलं असायचंच, पण मी वळून सांगेपर्यंत तो हलायचा नाही. मग उठून पंखा कमी करायचा आणि मला म्हणायचा, "त्यांना सांग, केला." ही नोकरी बिनपगारी होती आणि तिला सुट्टीही नव्हती. मला तिचा भयंकर राग यायचा.

भांडण झालं ते असं. बाबा एमआयडीसीतल्या एका तारांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. दादा बारावी कसाबसा पास झाला तेव्हा बाबांनी साहेबांपुढे शब्द टाकून त्याला अप्रेंटिस म्हणून घ्यायची तजवीज केली. मुलाखतीच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर उभे, आणि दादाचा पत्ता नाही. तो उल्हासनगरच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये सापडला. तिथे त्या दिवशी मारामारीच्या गेमची स्पर्धा होती आणि हा शेवटच्या फेरीत पोचला होता. बाबा आत शिरले. सरळ भिंतीपाशी गेले आणि मशीनचा प्लग उपसला.

दादाचं म्हणणं, बाबांनी चारचौघांत माझी शोभा केली. बाबांचं म्हणणं, याने मला साहेबांपुढे मान खाली घालायला लावली. दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. एकजण चुकीचा असता तर कधीतरी नमला असता.

आईला मात्र रागापेक्षा भीती वाटत होती. ती म्हणायची, हा तुमच्या घराण्यातला रोग आहे. बदलापूर गावात आमचे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्यात असाच अबोला होता. कशावरून ते पुढे कोणालाच आठवेना. विहीर एक, खळं एक, शेताचा बांध एक, पण तोंडातून शब्द नाही. थोरले गेले तेव्हा आजोबा तिरडीजवळ बसले आणि त्यांच्याशी बोलायला लागले ते थांबेचनात. यंदा भात कसं आलं, म्हैस कधी व्याली, कोणाच्या मुलीचं कुठे जमलं, सगळं त्या मेलेल्या माणसाला सांगत राहिले. आई तेव्हा नवी नवरी होती. तिने ते दारात उभं राहून पाहिलं होतं आणि ते पुन्हा बघायची तिची तयारी नव्हती. रोज दिवा लावताना ती हेच मागत असणार, कारण हात जोडल्यावर ती एकदा देवाकडे बघायची आणि एकदा या दोघांकडे.

दादाने विठ्ठलवाडीला टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानात काम धरलं. दुकान एका सिंधी शेठचं होतं आणि दादाचा हात चांगला होता, त्यामुळे त्याचं बस्तान बसलं. पण पार्लरमध्ये जायची सोय उरली नव्हती. तो दिसला की पोरं विचारायची, "क्या रे, लाइट गयी क्या?" तेव्हा त्याने आपल्या पगारातून घरी खेळायचा टीव्ही गेम घेतला. त्याच्याबरोबर आलेले छोटे रिमोट अंगठ्याने दाबायचे असत, आणि ज्याचा हात पार्लरच्या दांडीवर बसलाय त्याला ते म्हणजे वरणभात चमच्याने खाण्यासारखं. म्हणून एका रविवारी आम्ही उल्हासनगरच्या बाजारात स्टिक घ्यायला गेलो. मला नेलं ते घासाघीस करायला. दादाला ती जमत नसे, दुकानदार जे म्हणेल त्याला तो मान डोलवायचा.

त्या बाजारात जगातल्या कुठल्याही वस्तूची जुळी बहीण मिळायची. स्टिकच्या खोक्यावर एका जपानी कंपनीचं नाव एका अक्षराने चुकवून छापलेलं होतं. मी ते दाखवलं तर दुकानदार जराही लाजला नाही. "साईं, ओरिजनल में क्या रखा है, ये तो ओरिजनल का बाप है," म्हणाला. मी दोनदा उठून दुकानाच्या पायऱ्या उतरले, दोनदा त्याने हाक मारली, आणि आम्ही सगळ्यांत स्वस्तातली स्टिक घेऊन घरी आलो. काळी प्लास्टिकची पेटी, डाव्या बाजूला लाल गोळ्याची दांडी, उजव्या बाजूला बटणं. दादा तिला स्टिक म्हणायचा. आईने खोकं उघडताक्षणी तिला शेगडी म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

शेगडी भंगार निघाली. त्या गेममध्ये दांडी खाली, मग तिरपी, मग पुढे अशी एका दमात फिरवून बुक्कीचं बटण दाबलं की गड्याच्या हातून आगीचा गोळा सुटायचा. पार्लरची पोरं त्याला 'घुमाके' म्हणत. आमच्या शेगडीला तिरपं कळतच नसे. दादाने कितीही घुमवलं तरी त्याचा गडी नुसत्या उठाबशा काढायचा आणि मी समोरून रिमोटची सगळी बटणं एकदम बडवून त्याला आडवा करायचे. शिवाय पेटीला वजन नाही. दांडी जोरात ओढली की अख्खी पेटी अंगावर यायची. स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत गेलेला माणूस नववीतल्या बहिणीकडून हरतोय, हे दादाला झेपेना.

त्याने चटईवर वर्तमानपत्र पसरलं आणि पेटी उघडली. आत रबराच्या पातळ टोप्या होत्या, दाबलं तरी हाताला काही कळायचं नाही. त्या काढून त्याने दांडीखाली दुकानातल्या मोडक्या व्हीसीआरमधले टक्‌ वाजणारे बारके स्विच बसवायचं ठरवलं, आणि बटणांच्या जागी दाराच्या बेलची बटणं. ती उल्हासनगरात घरोघरी बनायची, हवी तेवढी मिळायची. प्रत्येकावर घंटेचं चित्र होतं. स्वयंपाकघरातून येताजाता आई त्यातलं एक दाबून बघायची आणि "कोण आहे?" म्हणून स्वतःच हसायची.

हे सगळं बाबांच्या समोर चाललं होतं. ते पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पण ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्याच्या हातातलं काम तपासण्यात घालवला, त्याला समोर चुकीचा पेचकस धरलेला बघवत नाही. थोड्या वेळाने पेपरामागून आवाज आला, "त्याला सांग, सोल्डर थंड होईपर्यंत तार हलवू नये." मी सांगितलं. दादाने मान वर केली नाही, पण तार धरून थांबला. मग पलंगावरून एकामागून एक निरोप यायला लागले. तारा लांब ठेव म्हणावं, कमी पडल्या तर जोड देता येत नाही. स्क्रू आडवातिडवा फिरवू नको म्हणावं. उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं आणि शेळी मी होते.

पुढच्या आठवड्यात बाबांनीच विषय काढला. "त्याला विचार, पेटीला वजन हवंय का. कारखान्यात भंगारात जाड पत्रा आहे, साहेबांना विचारून आणता येईल." दादाने हातातला पेचकस खाली ठेवला. मला वाटलं नाही म्हणतो. मग म्हणाला, "हवंय म्हणून सांग." आईने स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आशा इतकी स्पष्ट दिसली की मला तिची दया आली.

मग मापं सुरू झाली. भोकं केवढी, एकमेकांपासून किती अंतरावर, कडेपासून किती आत. बाबा सुतांत बोलायचे, इंचाचे आठ सूत धरून, आणि दादा शाळेसारखा सेंटिमीटरमध्ये. मी दोघांच्या मधे पट्टी घेऊन उभी. पेटी उघडी, पालथी घालून दादा आतली रचना बघत होता. "त्यांना सांग, दांडीचं भोक उजवीकडे, बटणांची डावीकडे." मी सांगितलं. बाबांनी अक्षरशः तेच कागदावर उतरवून घेतलं.

पत्र्याची पेटी घरी आली तेव्हा आम्ही सगळे बघत राहिलो. कडा मशीनवर वाकवलेल्या, कोपरे घासून गुळगुळीत, हात टेकायला पुढून उतार, मागे उंच. वरून हिरवट रंग, कारखान्यात मशीनांना देतात तो. पाटासारखी जड. आणि दांडीचं भोक उजवीकडे.

दादाने पेटी पालथी ठेवून सांगितलं होतं आणि बाबांनी ती उताणी धरून ऐकलं होतं. सांगणाऱ्याने बरोबर सांगितलं, ऐकणाऱ्याने बरोबर ऐकलं, आणि मी मधे एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं, हे मी आजही कोणाच्याही देवासमोर सांगेन. ज्या घरात माणसं बोलतात तिथे कोणीतरी एवढं तरी विचारलं असतं की, अरे, पालथी की उताणी? आमच्या घरात ते विचारायची सोय नव्हती. पेटी गोल फिरवून बघितली तर उंच बाजू दादाच्या मनगटात रुतायची. उलटी केली तर ते पालथं ताट झालं.

दादा म्हणाला, "त्यांना सांग, उलटं झालंय." बाबा म्हणाले, "त्याला सांग, सांगितलं तसंच केलंय." पुढचं मी सांगितलंच नाही. दोघं एकमेकांवर डाफरत होते आणि बघत होते माझ्याकडे. मी पट्टी फेकली आणि शेजारच्यांकडे जाऊन बसले.

तरी दादाने सगळे स्विच त्या पेटीत बसवले. हिरवी पेटी त्याने टाकून दिली नाही, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं. पण खेळता येईना. इतक्या वर्षांची सवय, डाव्या हाताने दांडी आणि उजव्याने बुक्की. उलट्या पेटीवर त्याचे हात एकमेकांत अडकायचे. दोन दिवस खटपट करून त्याने ती पलंगाखाली सरकवली आणि परत छोटा रिमोट धरला.

शुक्रवारी बाबांच्या कारखान्याला सुट्टी असायची. दादा कामावर, आई पाणी भरत होती, आणि शाळेतून आल्यावर मला खेळायला कोणी नव्हतं. मी शेगडी ओढून काढली आणि बाबांना म्हटलं, बसा जरा. ते म्हणाले, मला कशाला हवंय ते. मग म्हणाले, स्विच नीट बसवलेत का ते तरी बघू. आणि पलंगावरून खाली उतरून मांडी घालून बसले.

त्यांनी कधी पार्लरच्या दांडीला हात लावलेला नव्हता. आयुष्यभर मशीनचे दांडे मात्र उजव्या हाताने ओढले होते. त्यामुळे आमची उलटी पेटी जगात ज्या एका माणसाला सुलटी होती, तो नेमका हाच निघाला. स्विच टक्‌ टक्‌ वाजायला लागले आणि बाबांचा चेहरा बदलला. "तिरपं पकडतंय की," ते म्हणाले, आणि मग हळूच, "काम चांगलं केलंय त्याने." हे मी दादाला कळवावं असं ते म्हणाले नाहीत. मी अर्थातच कळवलं. त्या रात्री त्याने मागून घेऊन जास्तीची पोळी खाल्ली.

त्याआधी संध्याकाळी दादा कामावरून आला तेव्हा आम्ही खेळतच होतो. तो दारात चपला घालूनच उभा राहिला. बाबा थांबले नाहीत, त्यांनी फक्त पाठ जरा ताठ केली. दादा हातपाय धुऊन आला, माझ्या हातातला रिमोट काढून घेतला आणि माझ्या जागेवर बसला.

मग रोज तेच. चहा झाला की दोघं शेजारी शेजारी बसायचे आणि एकमेकांना बदडून काढायचे. दादाचा गडी उड्या मारायचा, गोळे फेकायचा. बाबांना एकच डाव आला होता, खाली बसून पाय ओढायचा. बसायचं आणि पाय ओढायचा, बसायचं आणि पाय ओढायचा. दादा वैतागून मला म्हणायचा, "त्यांना सांग, ही चीटिंग आहे." बाबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचे, "त्याला सांग, पाय दिलेत कशाला मग?" हरायचे बहुतेक बाबाच. पण एखाद दिवशी जिंकले की दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना गुणगुणायचे. आणि दादाचंही काही वेगळं नव्हतं. खाण तशी माती.

आई आधी फार खूश होती. आता बोलतील, आता बोलतील, म्हणून ती दाराआड थांबायची. महिने गेले आणि तिच्या लक्षात आलं, मग माझ्याही. खेळ सुरू झाल्यापासून त्यांना बोलायची गरजच उरली नव्हती. पूर्वी अबोला दोघांना टोचायचा, तो आता त्यांना मानवायला लागला होता. शेजारी बसत होते, एकमेकांचा श्वास ऐकत होते, आणि शब्दावाचून काही अडत नव्हतं. "विहीरपण एकच होती," आई एवढंच म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. मला त्या शेगडीचा पहिल्यांदा राग आला. आम्ही सगळ्यांनी मिळून अबोल्याला बसायला आसन करून दिलं होतं.

त्यातच शेठच्या ओळखीने दादाला मस्कतला काम मिळालं. कॉन्ट्रॅक्टवर, दोन वर्षं सुट्टी नाही. त्याने ते आईला सांगितलं आणि मग मला म्हणाला, "त्यांना सांग."

मी म्हटलं, मी सांगणार नाही. पंख्याचं सांगेन, मिठाचं सांगेन, हे सांगणार नाही. बाबा तिथेच होते, दीड हातावर. त्यांनी ऐकलं होतं. दादाला माहीत होतं की त्यांनी ऐकलंय. कोणीतरी एकाने मान वळवायची होती, बस. बाबा उठून गॅलरीत गेले आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागले. ते ओले होते.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, धुसफुस आठवते. बाबांनी बॅगेला बांधायला जाड पट्टा आणून दादाच्या उशापाशी ठेवला. दादाने बाबांचा बिघडलेला रेडिओ दुरुस्त करून पलंगावर ठेवला. वस्तू इकडून तिकडे जात होत्या. संध्याकाळी खेळ चालूच होता. आई रात्री जेवायला बसायची आणि पान तसंच बाजूला सारायची. मला वाटायचं, दोन वर्षांत माणसाला काहीही होऊ शकतं, आणि मग यातला एकजण कुणापाशी तरी बसून भाताचं नि म्हशीचं बोलत राहील. मला तेव्हा झोपच यायची नाही.

जायच्या दिवशी दुपारीच बॅग दाराशी लागली. गाडी यायला वेळ होता. बाबांनी रजा घेतली होती. त्यांनी पलंगाखालून शेगडी ओढली, दादाने रिमोट घेतला आणि दोघं बसले. काय करणार, तेवढंच त्यांना येत होतं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. आई दह्याची वाटी घेऊन बाहेर आली. टीव्हीवर फेरी मधेच होती, दोन्ही गडी अर्धेअधिक मार खाऊन उभे. परत हॉर्न वाजला. दादा उठेना आणि बाबा थांबेनात. खेळ थांबवायचं बटण होतं ते फक्त दादाच्या रिमोटवर. आमच्या हिरव्या पेटीला ते कोणी लावलंच नव्हतं, तसा निरोपच कधी गेला नव्हता. बाबांना खेळ थांबवायचा तर तोंड उघडण्यावाचून मार्ग नव्हता.

त्यांनी दांडी सोडली. मूठ ओठांशी नेली आणि लगोरी खेळताना पोरं म्हणतात तसं म्हणाले, "टाइम प्लीज."

पन्नाशी उलटलेला, कारखान्यात माणसं ज्याला वचकून असत असा माणूस. दादाने खेळ थांबवला. तो हसला नाही. बाबांचा गडी हात खाली सोडून उभा होता, तरी थांबवण्याआधी दादाने त्याला मारलं नव्हतं.

बाबा सवयीने माझ्याकडे वळले. "त्याला सांग," म्हणाले आणि तिथेच अडकले. मग त्यांनी मान फिरवली आणि दादाकडे बघितलं.

"तुझा फोन खालच्या मजल्यावरच्यांकडे येईल," ते म्हणाले. "केलास की मलाच बोलावून घे. हिच्याकडे निरोप ठेवू नकोस."

"तुम्हालाच बोलवेन, बाबा," दादा म्हणाला.

मी दोघांच्या मधे उभी होते. बाजूला झाले.